कारवी पुन्हा फुलली, पण २०१६ चे फोटो कुठायत?

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये ठाण्याजवळच्या येऊरला कारवी, म्हणजे आठ वर्षांतून एकदाच बहरणारी डोंगरातली झुडपं, फुलली आणि आमच्या रानफुलांच्या ग्रुपमधले झाडून सगळे गेलो. संध्याकाळी फोटो टाकणं सुरू झालं. तेवढ्यात ग्रुपमध्ये नव्याने आलेल्या एका मुलीने विचारलं, "ताई, मागच्या वेळी ओढ्यापलीकडच्या उतारावर पण होती का हो?"

२०१६ ला आम्ही पंधरावीस जण तिथे होतो. शेकडो फोटो काढले होते, एकमेकांना पाठवले होते, वाहवा केली होती. रात्री अकरापर्यंत शोधाशोध चालली. कुणाचा फोन बदललेला, कुणाचा पाण्यात पडलेला. सगळ्यांनी मिळून ज्या साइटवर अल्बम केला होता, त्याची लिंक उघडली तर नुसती रिकामी चौकट. शेवटी हाती लागले ते व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले नऊ फोटो. फाइलच्या नावात तारीख होती, पण ती फोटो काढल्याची नव्हे, फोनवर उतरल्याची. मोठा करून पाहावा तर जांभळट धुरकट पट्टा. ओढा कुठला, उतार कुठला, काही कळेना.

त्या रात्री फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं, म्हणून हे लिहितेय.

आपल्या मुंबई-ठाण्याच्या डोंगरांत कारवी २००८ ला फुलली, २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली. एकदा फुलून बी धरलं की झुडूप वाळून जातं, पुढच्या पावसात वाळकी बोंडं तडतडत फुटतात आणि बी विखुरतं. माणसाचे पाय धड असेपर्यंत हा बहर पाच-सहा वेळा पाहायला मिळाला तर खूप. मधल्या वर्षांत उतार खचला का, वणवा लागला का, रान मागे हटलं का, हे सांगायला आधीच्या बहराच्या फोटोंशिवाय आपल्याजवळ दुसरं काय आहे?

आणि ते फोटो आपण ठेवतो कुठे? ऑर्कुट २००४ ला आलं, ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गूगल प्लस २०११ ते २०१९, म्हणजे बरोब्बर एक कारवी. फोटोबकेटने २०१७ मध्ये, तिथे ठेवलेले फोटो दुसऱ्या साइटवर दाखवायचे तर वर्षाला ३९९ डॉलर मागितले आणि जगभरच्या छंदी लोकांच्या चर्चांमधली चित्रं एका रात्रीत गायब झाली. पुढच्या वर्षी कंपनीने पाऊल मागे घेतलं, पण तोवर कितीतरी लोक निघून गेले होते.

यावर "कंपन्यांनी फसवलं" असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. ऑर्कुटवरचे फोटो उतरवून घ्यायला २०१६ पर्यंत मुदत होती. आपल्यातल्या किती जणांनी उतरवले? फोटो टाकला, लाइक आले, म्हणजे तो जपला गेला, असं आपण धरून चालतो. दाखवणं वेगळं आणि जपणं वेगळं. जपायची जबाबदारी फोटो काढणाऱ्याची आहेच, पण माझ्या मते ग्रुपचीही आहे, कारण एकट्या माणसाचं काय सांगावं?

आमच्या ग्रुपमधले एक काका २०२१ मध्ये गेले. बँकेतून निवृत्त झाल्यावर ते दर रविवारी रानात असायचे. येऊरचा हा घोळ झाल्यावर मी काकूंकडे गेले. त्यांनी कपाटातून दोन डीव्हीडी काढून दिल्या, वर मार्करने लिहिलेलं, "कारवी २००८". पहिली चाललीच नाही. दुसरीत ६१ फोटो आणि वर्डची एक फाइल. फाइल जुन्या मराठी फॉन्टमधली, त्यामुळे उघडल्यावर सगळी अगम्य चिन्हं. भाच्याने तो फॉन्ट शोधून बसवला आणि अक्षरं उमटली: "३४. ओढ्यापलीकडचा उतार. वडापाशी उभं राहून. खालपासून वरपर्यंत भरलेला. मधमाश्या पुष्कळ. १४ सप्टेंबर, सकाळी ९." मी वाचता वाचता रडले. त्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे होतं. २००८ ला उतार भरलेला होता, २०२४ ला निम्मा मोकळा दिसला. मधलं २०१६, जेव्हा आमच्याकडे सगळ्यात जास्त कॅमेरे होते, तेच कोरं.

काकांचं ईमेल खातं मात्र कुणालाच उघडता आलं नाही. गूगलच्या खात्यात, ते ठरावीक काळ वापरलं नाही तर कुणाला कळवायचं आणि काय सोपवायचं, हे आधी नेमून ठेवता येतं. दोन वर्षं न वापरलेलं खातं पुसलं जाऊ शकतं, असा आता नियमही आहे. घरातल्या मोठ्यांना हे आजच करून द्या.

आम्ही आता असं ठरवलंय की वर्षातून एका रविवारी सगळ्यांनी मूळ फोटो घेऊन एकत्र यायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे आकार आणि तारीख शाबूत राहते. सगळे फोटो दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. सोबत युनिकोडमधली, म्हणजे खास फॉन्ट न बसवताही कुठेही वाचता येईल अशी, साधी यादी: कुठे, कधी, कुणी, काय. दुर्मिळ ऑर्किडचं नेमकं ठिकाण जाहीर करायचं नाही, पण आपल्या यादीत ते हवंच. आणि प्रत्येकाकडून लेखी परवानगी, की माझ्यानंतर ग्रुपने हे फोटो वापरावेत. फ्लिकर या फोटोंच्या साइटने २०१९ मध्ये फुकट खात्यांतले हजाराच्या वरचे फोटो काढायला घेतले, तेव्हा आधीच मुक्त परवान्याखाली, म्हणजे इतरांना वापरायची मुभा देऊन, दिलेले फोटो वगळले होते. म्हणून निवडक फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे अशाच मुक्त परवान्याच्या फोटोंच्या सार्वजनिक साठ्यात, टाकावेत असा माझा आग्रह आहे. तिथे मूळ आकारात राहतात. आयनॅचरलिस्ट ही साइट फोटोवरून झाडाझुडपांची ओळख पटवायला उत्तम, पण तिथे मोठा फोटो लहान करून ठेवला जातो. ती मूळ प्रत समजू नका. "माझा फोटो कुणीही वापरेल" ही भीती मी समजू शकते. पण कुणीच न पाहता तो फोटो बंद फोनमध्ये मरून जावा, हे मला जास्त भीतीदायक वाटतं.

कुणाकडे येऊरचे २०१६ चे फोटो असतील, कितीही वाईट आलेले असोत, मला मेसेज करा. मी घरी येऊन कॉपी करून घेईन.

आणि काल काकूंचा फोन आला होता. माळ्यावर बिस्किटांचा एक डबा सापडलाय, आत निगेटिव्ह आहेत आणि झाकणावर काकांच्या अक्षरात "येऊर, २०००" लिहिलंय. ठाण्यात जुन्या निगेटिव्ह नीट स्कॅन करून देणारं कुणी माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा.