नॅट चालू आहे, म्हणून फायरवॉल नको?

इंदूरच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक लांबलचक संदेश फिरत आहे. दवा बाजारात घाऊक औषधांचे दुकान चालवणाऱ्या माझ्या आत्येभावाने तो मला ‘दादा, हे करून टाकले’ एवढ्याच शेऱ्यासह पाठवला. म्हणजे विचारण्यासाठी नव्हे, कळवण्यासाठी. संदेशात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. राऊटरमध्ये नॅट (आतल्या यंत्रांचे खासगी पत्ते बदलून बाहेर एकच सार्वजनिक पत्ता दाखवणारी सोय) असतेच, त्यामुळे फायरवॉलवर, म्हणजे नियमांनुसार वाहतूक अडवणाऱ्या साधनावर, पैसे घालवू नयेत. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) मोबाइलवर दिसत नसेल तर त्याचा पत्ता राऊटरच्या डीएमझेडमध्ये (बाहेरून येणारे सगळे एकाच यंत्राकडे वळवणाऱ्या सोयीत) टाकावा; सगळे नॅटमधूनच जात असल्यामुळे त्यात धोका नाही. पोर्टचा, म्हणजे यंत्रावरील एखाद्या सेवेच्या दाराचा, क्रमांक बदलला की तो हॅकरला सापडत नाही. दुकानात बसून स्वतःचा सार्वजनिक पत्ता उघडला नाही, तर बाहेरून सारे बंद आहे असे समजावे. आणि आयपीव्ही6 (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) बंद ठेवावे, कारण त्यात नॅट नसते.

पहिल्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. आतल्या संगणकाने बाहेर जोडणी केली की राऊटर आपल्या तक्त्यात तिची नोंद करतो, पत्ता आणि पोर्ट बदलतो आणि उत्तर आले की त्या नोंदीवरून ते योग्य संगणकाकडे पोचवतो. बाहेरून आगंतुकपणे आलेल्या पॅकेटची (माहितीच्या पुडक्याची) नोंदच नसल्यामुळे ते आत कोणाकडे द्यायचे, हे त्याला कळत नाही. हा लाभ खरा आहे, पण तो आनुषंगिक आहे. 1994 साली आरएफसी 1631 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात नॅटची कल्पना मांडली गेली ती पत्त्यांच्या टंचाईवर तोडगा म्हणून, पहारा देण्यासाठी नव्हे. लिनक्सवर चालणाऱ्या राऊटरमध्ये बाहेर जाणाऱ्या पॅकेटांसाठी मास्करेड (लिनक्समधील नॅट) लावले आणि फॉरवर्ड साखळी (पॅकेट पुढे पाठवायचे की नाही हे ठरवणारे नियम) मोकळी सोडली, तर सेवादात्याच्या त्याच जाळ्यावरील शेजाऱ्याने थेट 192.168.1.64 या आतल्या पत्त्यावर धाडलेले पॅकेट तो राऊटर मुकाट्याने आत पोचवू शकतो. अडवण्याचे काम फिल्टरच्या नियमाचे असते आणि तो नियम कोणीतरी लिहावा लागतो.

दुसरा मुद्दा मात्र निव्वळ घातक आहे, आणि भावाने नेमका तोच अमलात आणला होता. इंटरनेटचे तांत्रिक मानदंड ठरवणाऱ्या आयईटीएफने मे 2007 मध्ये आरएफसी 4864 हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. पॅकेटच्या शीर्षातील पत्ता बदलण्याच्या क्रियेतून आपोआप कोणतीही सुरक्षितता मिळत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. उदाहरणही असे दिले आहे की ते दवा बाजारातील दुकान पाहून लिहिले असावे असे वाटते: सगळे पोर्ट एकाच यंत्राकडे वळवले, तर त्या यंत्राला असलेला धोका मध्ये नॅट नसताना असतो तेवढाच असतो. घरगुती राऊटरमधील डीएमझेड नेमके हेच करते. खऱ्या डीएमझेडमध्ये यंत्र वेगळ्या जाळ्यात ठेवून तेथून आत येण्याची वाट बंद केलेली असते. येथे डीव्हीआर बिलिंगच्या संगणकाशेजारी, त्याच स्विचवर, त्याच 192.168.1 च्या पट्ट्यात होता.

याचा परिणाम काय होतो, हे जगाने 2016 साली पाहिले आहे. मिराई नावाच्या विषाणूने कारखान्यातून आलेले, कधीच न बदललेले पासवर्ड वापरून टेलनेट या दूरून आज्ञा देण्याच्या जुन्या सेवेमार्गे असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, आणि 21 ऑक्टोबर 2016 रोजी याच यंत्रांच्या माऱ्याने डिन या कंपनीची डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी) सेवा कोलमडून ट्विटरसारखी संकेतस्थळे अनेकांना दिसेनाशी झाली. दुकानदाराला हवे असते ते चित्र दाखवणारे एक पोर्ट, पण डीएमझेडमध्ये टाकताच 23 क्रमांकावर टेलनेट चालू असेल तर तेही उघडे पडते, आणि ते चालू आहे हे मालकाच्या गावीही नसते. एकदा डीव्हीआर दुसऱ्याच्या हाती गेला की तेथून बिलिंगच्या संगणकापर्यंतची वाहतूक नॅटमधून जातच नाही.

फायरवॉल विकत घेतली की काम संपले, असेही नाही. पत्ता बदलण्याचा नियम आणि प्रवेश देण्याचा नियम या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि गफलत तेथेच होते. लिनक्समध्ये बाहेरून येणाऱ्या पॅकेटचा पत्ता प्रीराऊटिंग या पहिल्या टप्प्यात आधी बदलतो आणि फिल्टर त्यानंतर लागतो. म्हणून प्रवेशाच्या नियमात आतला पत्ता लिहावा लागतो. सिस्को कंपनीच्या एएसए फायरवॉलमध्येही 8.3 आवृत्तीपासून खरा, म्हणजे आतला पत्ताच लागतो. पालो आल्टो कंपनीच्या फायरवॉलमध्ये याउलट मूळ सार्वजनिक पत्ता, पण झोन (जाळ्याचा विभाग) मात्र नॅटनंतरचा द्यावा लागतो. हे ठाऊक नसलेला तंत्रज्ञ नियम लिहितो, जोडणी होत नाही, मग तो स्रोत, गंतव्य आणि सेवा या तिन्ही रकान्यांत ‘एनी’, म्हणजे काहीही चालेल, निवडतो. चित्र दिसू लागते आणि बिल फाडले जाते.

पोर्ट बदलण्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. झेडमॅप या 2013 सालच्या साधनाने गिगाबिट जोडणीवरून आयपीव्ही4 या जुन्या पत्तापद्धतीच्या संपूर्ण जाळ्यात एक पोर्ट पाऊण तासाच्या आत तपासता येते. म्हणून बदललेले पोर्टही लपत नाही; क्रमांक बदलल्याने राऊटरच्या नोंदवहीतील फुटकळ प्रयत्नांचा कचरा कमी होतो, एवढेच.

चौथ्या मुद्द्यातील चाचणी तर हास्यास्पद आहे. आतून स्वतःचाच सार्वजनिक पत्ता उघडण्यासाठी राऊटरला हेअरपिन नॅट, म्हणजे आतून निघालेली जोडणी पुन्हा आतच वळवणे, यावे लागते आणि अनेक राऊटरांना ते येत नाही. तेव्हा आत बसून दिसलेल्या अपयशावरून बाहेरचे दार लागले आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. वाय-फाय बंद करून मोबाइलच्या डेटावरून पाहावे.

आयपीव्ही6 मध्ये प्रत्येक यंत्राला सार्वजनिक पत्ता मिळू शकतो, हे खरे आहे, आणि राऊटरचा आयपीव्ही6 फिल्टर बंद असेल तर काळजी करणेही रास्त आहे. परंतु वर उल्लेखिलेला दस्तऐवज मुळात हेच दाखवण्यासाठी लिहिला गेला की नॅटकडून अपेक्षित असलेले लाभ आयपीव्ही6 मध्ये नॅटशिवाय मिळवता येतात. आगंतुक जोडण्या अडवण्यासाठी जोडण्यांच्या स्थितीची नोंद ठेवणारा फिल्टर पुरेसा असतो.

भावाच्या राऊटरमधील डीएमझेड आणि यूपीएनपी बंद केले आहे, कारण यूपीएनपी चालू असल्यास डीव्हीआर कोणालाही न विचारता स्वतःच पोर्ट उघडून घेतो. डीव्हीआर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर केलेल्या स्वतंत्र जाळ्यात) गेला असून तेथून बिलिंगच्या संगणकाकडे जाण्यास मनाई आहे. मोबाइलवरून पाहण्यासाठी फायरवॉलवर वायरगार्ड (बाहेरून आत येण्याचा कूटबद्ध खासगी मार्ग, म्हणजे व्हीपीएन) बसवले आहे आणि बाहेरून तेवढेच एक यूडीपी पोर्ट उघडे आहे. ज्यांच्या राऊटरला बाहेरच्या बाजूस 100.64 ते 100.127 यांपैकी एखाद्या आकड्याने सुरू होणारा पत्ता मिळालेला आहे, त्यांचे नॅट सेवादात्याकडेही होत असते. त्यांच्याकडे ना पोर्ट फॉरवर्डिंग (एखादे पोर्ट आतल्या यंत्राकडे वळवणे) चालेल, ना घरचे वायरगार्ड, आणि त्यांना सेवादात्याकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा सार्वजनिक पत्ता, मागून घ्यावा लागेल.