खरा वेळ रॅकवर वाचतो

दहा मिनिटांत सामान घरी येतं याचं सगळं श्रेय तुमच्या झटपट डिलिव्हरीवरच्या लेखात ॲप आणि रायडरला देऊन टाकलंय, ते काही पटलं नाही बुवा. मी एका डार्क स्टोअरला, म्हणजे फक्त ऑनलाइन ऑर्डरी भरणाऱ्या गोदामात, स्टॉक बघतो, वेळ वाचतो तो आत. दूध, ब्रेड, अंडी, मॅगी असं सारखं उठणारं सामान पॅकिंग टेबलाला लागून ठेवायचं, कधीतरी जाणारं मागच्या रांगेत, आणि पिकरच्या, म्हणजे रॅकवरून ऑर्डरचा माल गोळा करणाऱ्या पोराच्या, हातातल्या मशीनवर रॅक नंबर अशा क्रमाने येतात की त्याला परत मागे फिरायला लागू नये. ॲमेझॉनच्या मोठ्या गोदामांत उलटंच असतं, एकच वस्तू मुद्दाम वेगवेगळ्या कप्प्यांत विखरून ठेवतात, म्हणजे माणूस कुठेही असला तरी जवळपास एखादा नग मिळतोच.

पण हे सगळं चालतं कधी, तर सिस्टिममधला आकडा खरा असेल तर. दह्याचा कप फुटला, टाकून दिला आणि कोणी एंट्री मारली नाही की तो ॲपवर दिसत राहतो, ऑर्डर पडते, पिकर रॅकपुढे शोधत उभा आणि तिकडे गिऱ्हाईकाचा पारा चढलेला. म्हणून आम्ही रोज थोड्या थोड्या रॅकवरचा माल मोजतो. रिटर्नच्या मालाबद्दल लेखात चकार शब्द नाही, तिथे तर निम्मी डोकेदुखी असते.