स्वतःच्या नावाचा सिद्धांत कसा काढावा

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालात की सवडीने एक सिद्धांत, म्हणजे परराष्ट्र धोरणाचं आपल्या नावाने चालणारं सूत्र, काढून ठेवा. तह करायचा तर सिनेटमधले दोन-तृतीयांश सदस्य राजी करावे लागतात. सिद्धांताला एक भाषण पुरतं.

मजकूर स्वतः लिहीत बसू नका. राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो यांचं ते काम बरंचसं परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी केलं. २ डिसेंबर १८२३ च्या लांबलचक वार्षिक संदेशात दोन-तीन परिच्छेद, तेही एकमेकांपासून दूर: युरोपने अमेरिका खंडांत नव्या वसाहती करू नयेत. धाक घालायला आरमार? ब्रिटनचं होतंच की. ब्रिटन म्हणत होतं, जाहीरनामा एकत्र काढू. ॲडम्स नको म्हणाले. आयत्या बिळावर नागोबा व्हायचं तर भागीदार कशाला? पुढे १८३३ मध्ये त्याच ब्रिटनने फॉकलंड बेटं घेतली, तेव्हा वॉशिंग्टनने तोंडातून ब्रही काढला नाही. आपला सिद्धांत कुठे आठवायचा नाही, हेही कळावं लागतं.

नवं काही सुचत नसेल तर जुन्यालाच पुरवणी जोडा. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०४ मध्ये 'युरोपने येऊ नये' याचा अर्थ 'म्हणून आम्ही जाऊ' असा लावला. वर्षभरात डॉमिनिकन रिपब्लिकची जकात अमेरिकन अधिकारी गोळा करू लागले: शंभरातले ४५ त्या देशाला, ५५ सावकारांना.

पैसे मागताना मात्र आकडा नेमका आणि वाक्य मोघम ठेवा. ट्रूमन यांनी मार्च १९४७ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलर मागितले, पण पाठिंबा जाहीर केला तो जगभरच्या 'स्वतंत्र जनतेला'. चाळीस कोटी केव्हाच संपले. ते वाक्य पुढच्यांना वर्षानुवर्षं पुरलं.

कधीकधी सिद्धांत तयार असतो, शत्रूच मिळत नाही. आयझेनहॉवर यांचा १९५७ चा सिद्धांत साम्यवादी आक्रमणासाठी होता. जुलै १९५८ मध्ये लेबनॉनमध्ये भांडण मुख्यतः घरातलंच होतं, त्यात इराकमध्ये राजा मारला गेला. मरीन सैनिक शस्त्रं सरसावून बैरूतच्या किनाऱ्यावर उतरले, तर समोर ऊन खात पडलेले लोक आणि थंड पेयं विकणारी पोरं. घाबरू नका, सैन्य उतरवलं की कारण मागाहून जुळवता येतं.

खर्च जड वाटला तर निक्सन यांचा मार्ग धरा. जुलै १९६९ मध्ये गुआम बेटावर पत्रकारांशी बोलता बोलता त्यांनी सांगून टाकलं, की आशियातल्या मित्रांनी लढायला माणसं आपली आपण आणावीत. शस्त्रं आम्ही देऊ. इराणच्या शहांना ७९ एफ-१४ विमानं पोचती झाली. १९७९ मध्ये क्रांती होऊन शहा देश सोडून गेले, विमानं नवे सत्ताधीश खोमेनी यांच्याकडे राहिली. आखाताचा पहारेकरीच गेला, वर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. मग जानेवारी १९८० मध्ये कार्टर यांना पर्शियन आखातासाठी वेगळा सिद्धांत काढावा लागला. एकाची दुरुस्ती हाच दुसऱ्याचा मुहूर्त.

बारशाची काळजी नको. साम्यवादी सरकारांशी लढणाऱ्या बंडखोरांना मदत करण्याच्या रेगन यांच्या सिद्धांताला नाव १९८५ मध्ये चार्ल्स क्राउथॅमर या स्तंभलेखकाने दिलं. धाकट्या बुश यांच्या सिद्धांताचे तर त्यानेच २००८ मध्ये चार वेगवेगळे अर्थ मोजून दाखवले; धोका येण्याआधीच हल्ला करायचा, हा त्यातला एक. तुमचेही निदान चार होतील असं बघा. इराकमध्ये संहारक शस्त्रं सापडली नाहीत, तेव्हा उरलेले तीन कामाला आले.