शत्रू दिसतोय का, जरा वाकून बघा

वॉरहॅमर, म्हणजे टेबलावर छोटे छोटे सैनिक मांडून लढायचा तो, हा मोठ्या माणसांचा खेळ आहे असं मी बायकोला किती दिवस पटवत होतो, पण आता माझंच मत फिरलंय, हा खेळ फक्त लहान मुलांसाठी बनवलाय कारण बाकी कुणाच्या शरीराला तो झेपत नाही. ह्यात एक नियम असा आहे की तुमच्या सैनिकाने गोळी झाडायच्या आधी त्याला समोरचा दिसतो की नाही ते बघायचं, आणि ते बघायला आपलं डोकं त्याच्या डोक्याच्या उंचीला न्यायचं. सैनिक दीड इंचाचा. टेबल कमरेएवढं. म्हणजे आधी कंबर, मग गुडघे, मग मान तिरकी, आणि हे सगळं प्रोग्रेसिव्ह चष्मा लावून, ज्यात जवळचं बघायला हनुवटी वर करावी लागते आणि लांबचं बघायला खाली. तेवढ्यात समोरचा तेरा वर्षांचा पोरगा बसकण मारून, बघून, उठून फासे टाकून मोकळा झालेला असतो आणि वर विचारतो, यू ऑलराइट?

तर मी परत कसा अडकलो ते सांगतो. बाबा नव्वदच्या दशकात इथे इंग्लंडात लेस्टरला हॉस्पिटलात नोकरीला होते तेव्हा मला 1993 चा तो मोठा बॉक्स मिळाला होता, खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचा, वीस स्पेस मरीन म्हणजे चिलखतातली माणसं, वीस ऑर्क म्हणजे त्यांच्याशी लढणारे राक्षस, आणि चाळीस ग्रेचिन, ग्रेचिन म्हणजे ऑर्कांची चिल्लर, मरण्यासाठीच पाठवतात त्यांना. मग आम्ही पुण्याला परत गेलो, बॉक्स माळ्यावर गेला आणि मला मेटल म्युझिक लागलं. साधंसुधं नाही, डेथ मेटल, ज्याची कॅसेट कुणाच्या तरी कझिनने अमेरिकेहून आणलेल्या कॅसेटवरून कुणीतरी कॉपी करून घेतलेली असायची आणि त्यात मधेच लता मंगेशकर यायच्या कारण आधी काय होतं ते पूर्ण पुसलं गेलेलं नसायचं.

आणि ह्या दोन गोष्टी मुळात एकाच घरच्या आहेत हे मला फार उशिरा कळलं. कॉव्हेंट्रीचा बोल्ट थ्रोअर नावाचा बँड, त्यांचं नावच ह्या खेळातल्या एका शस्त्राचं, 1989 साली त्यांचा ‘रेल्म ऑफ केऑस’ हा अल्बम आला तो गेम्स वर्कशॉपच्या, म्हणजे हा खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या, त्याच नावाच्या पुस्तकावरून आणि कव्हरचं चित्रही गेम्स वर्कशॉपचंच. गेम्स वर्कशॉप नॉटिंगहॅमला. ज्या इअरेक लेबलने तो अल्बम काढला तेही नॉटिंगहॅमला. त्याआधी 1987 मध्ये गेम्स वर्कशॉपने आपल्या व्हाइट ड्वार्फ मासिकाबरोबर सॅबॅट ह्या थ्रॅश मेटल बँडची फ्लेक्सी डिस्क, म्हणजे वाकणारी पातळ रेकॉर्ड, वाटली, सॅबॅटही तिथलाच. पुढे त्यांनी स्वतःचं रेकॉर्ड लेबलसुद्धा काढून पाहिलं, ते चाललं नाही ते जाऊ दे. मुद्दा असा की नोकरीने मला परत ईस्ट मिडलंड्सलाच आणून टाकलं, नॉटिंगहॅम ट्रेनने अर्ध्या तासावर, आता माणसाने काय करायचं? बायको म्हणाली जिम लाव.

आई सहा महिन्यांसाठी आली तेव्हा तिला सांगितलं माळ्यावरचा तो बॉक्स आण. बॉक्स वाळवीने खाल्ला होता. तिने सगळे सैनिक जुन्या सुती साडीच्या तुकड्यांत गुंडाळून चकलीच्या डब्यात भरून आणले, वर खरी चकली एक थर, कस्टमवाल्याने उघडलं तर दिसायला. बऱ्याच मरीनना तळलेल्या तेलाचा वास येतो अजून. एका ऑर्कचा हात तुटला होता तो तिने वेगळ्या पुडीत बांधून वर पेनने ‘हात’ लिहून ठेवलं होतं. आणि मग माझे टी-शर्ट वाळत घालताना तिला एकेक लोगो दिसत गेला. हे काय रे, झाडाची मुळं का काढलीत छातीवर? नाव आहे ते बँडचं. वाचता येत नाही. वाचता येऊ नये म्हणूनच आई. मग कशाला छापलंय? ह्यावर तीस वर्षांत एकाही मेटलवाल्याला उत्तर सुचलेलं नाही.

रंगवणं हा वेगळाच जाच. रंग धरायला आधी प्रायमर मारावा लागतो, तो स्प्रेच्या डब्यात येतो, घरात मारायची सोय नाही, आणि डब्यावरच लिहिलेलं असतं की थंड किंवा दमट हवेत मारू नका. म्हणजे ह्या देशात उन्हाळ्यातल्या काही दुपारी सोडल्या तर मारूच नका. दमट हवेत मारला की गुळगुळीत चिलखतावर बारीक रवा उमटतो, तो परत निघत नाही. त्यामुळे मी रोज सकाळी हवामान बघतो, शेतकरी बघत नसेल इतकं, आणि एखादा कोरडा दिवस मिळालाच तर वारा सुटलेला असतो. अशाच एका दिवशी मी मागच्या अंगणात कुंपणाच्या आडोशाला उकिडवा, अंगात कवट्यांचा काळा टी-शर्ट, तोंडाला मास्क, एका हातात लाकडी पट्टीला चिकटवलेली दहा माणसं आणि दुसऱ्या हातात कोमट पाण्यातून काढलेला स्प्रेचा डबा (गारठ्यात तो नीट उडत नाही, कोमट करावा लागतो), आणि कुंपणावरून शेजारच्या आजी बघतायत. बराच वेळ बघितलं त्यांनी. मग म्हणाल्या, एय अप मी डक (इथल्या बोलीत ‘काय रे बाळा’), उद्या कचऱ्याचा बिन कुठला, काळा की रिसायकलिंगचा? ह्या लोकांचा हा गुण मला फार आवडतो.

रंगात मात्र आई माझ्या पुढे निघाली. माझे मरीन ब्लड एंजल्स ह्या तुकडीचे, म्हणजे लालभडक, मी आपला डबीतला लाल थेट ब्रशने लावत होतो, ती मागे उभी राहून म्हणाली पाणी घाल की त्यात, भिंत सारवतोयस का? आता जगभरचे लोक व्हिडिओ काढून काढून हेच सांगतात, पातळ रंग, दोन हात, आणि हिला ते न बघताच माहीत कारण तिचं माहेर पेणचं, शेजारी गणपतीचा कारखाना, सुट्टीत ती तिथेच पडीक. मग डोळे आले. नव्या बॉक्समधल्या सार्जंटने हेल्मेट घातलेलं नाही, त्याचा डोळा म्हणजे मोहरीच्याही चौथाई, मी पांढरा ठिपका देतो तो कपाळाला लागतो. नेपाम डेथ ह्या बँडचं एक गाणं सव्वा सेकंदाचं आहे, गिनीज बुकात आहे ते, तर मी एका डोळ्यामागे ते किती वेळा ऐकून होईल ह्याचा हिशोब करत बसलो. आई म्हणाली दे इकडे, आखणी करताना श्वास सोडायचा नसतो, आणि तो गाण्याचा आरडाओरडा बंद कर, हात हलतो माझा. कोपर टेबलाला टेकवलं, करंगळी सार्जंटच्या बुडाला लावली, श्वास धरला आणि दोन ठिपक्यांत डोळे. सुंदर. फक्त आता त्या सार्जंटच्या चेहऱ्यावर इतकी करुणा आहे की हातातली दातेरी चेनस्वोर्ड बाजूला ठेवून तो कुठल्याही क्षणी आशीर्वाद देईल.

मग दुकानात जाऊन खेळायचं ठरलं. इथे मला वाटत होतं आपला जरा वट असेल. मेटलमध्ये माझी एक जागा आहे, म्हणजे गिगला मी मागे खांबाला टेकून कानात इअरप्लग घालून उभा असतो हे खरं, पण कोण खरा आणि कोण काल आलेला हे मी टी-शर्टवरून सांगतो, आणि बँडची पहिली कच्ची डेमो कॅसेट ऐकली नसेल तर माझ्याशी बोलू नये असं मानणाऱ्यांपैकी मी आहे. ते सगळं इथे माझ्यावर उलटलं. मी मोठ्या थाटात चकलीचा डबा उघडला आणि म्हणालो, सेकंड एडिशन. पोरगं म्हणालं, अच्छा, माझे बाबापण तेच खेळायचे. मग त्याने त्याचं सैन्य मांडलं. 2017 नंतरचे स्पेस मरीन उंच केलेत, माझे त्यांच्या खांद्याला लागतात. आणि नियम 2023 च्या दहाव्या आवृत्तीचे, अर्धे फोनवर. माझ्या डोक्यात दुसऱ्या आवृत्तीचं प्रत्येक कोष्टक जसंच्या तसं आहे, कालची मीटिंग कशाबद्दल होती ते आठवत नाही पण ते आठवतं, आणि त्याचा उपयोग शून्य.

मग त्याचं लक्ष माझ्या टी-शर्टकडे गेलं. बोल्ट थ्रोअर, ही कुठली आर्मी? मी म्हणालो आर्मी नाही रे बँड आहे, आणि त्याला पुढचा इतिहास सांगायला श्वास घेतला तोवर त्याचं खेळाच्या ॲपमध्ये शोधून पण झालं होतं. ह्याचे पॉइंट्स दाखवत नाहीये, म्हणाला, बहुतेक काढून टाकलं असेल.

एक सांगतो, हे सगळं मी अंडरग्राउंड म्हणून मिरवत होतो ना, तर गेम्स वर्कशॉप डिसेंबर 2024 पासून एफटीएसई 100 मध्ये आहे. लंडनच्या शेअर बाजारातल्या सगळ्यात मोठ्या शंभर कंपन्या, बँका, तेलवाले, औषधवाले, आणि त्यांच्या रांगेत ऑर्क. बायकोला हे कळल्यावर ती म्हणाली सैनिकांऐवजी शेअर घेतले असतेस तर. मी म्हणालो शेअर रंगवता येत नाहीत. तिने जे बघितलं माझ्याकडे.

खेळ तीन तास चालला. साठ बाय चव्वेचाळीस इंचांचं मैदान, आणि त्याच्या चारी बाजूंनी मी टेप घेऊन प्रदक्षिणा घालतोय. दुसऱ्या राउंडपासून मी बरेचदा न वाकताच ‘नाही दिसत’ म्हणायला लागलो, म्हणजे माझ्या नुकसानीचं असलं तरी, खाली जाऊन वर येण्यापेक्षा माणसं मेलेली परवडली. जुने मरीन पहिल्या झटक्यात साफ. आईच्या सार्जंटला एकच जखम राहिली होती, वाचायला तीन किंवा जास्त हवे होते, फाशावर दोन पडले. पोराने त्याला उचलताना जरा थांबून चेहरा बघितला आणि म्हणाला, हा इतका खूश का आहे?

शेवटी त्याला न्यायला त्याचे बाबा आले. पोट माझ्याएवढं, दाढी पांढरी, किल्ल्यांच्या जुडग्याला इअरप्लगची डबी लटकवलेली. आत शिरले, माझ्या छातीकडे बघितलं आणि जागीच थांबले. मग त्यांनी नॉटिंगहॅमच्या रॉक सिटी हॉलला बोल्ट थ्रोअर बघितल्याचं सांगितलं, मी पुण्यातल्या लता-मिश्रित कॅसेटचं सांगितलं, 2015 मध्ये त्यांचा ड्रमर गेला आणि पुढच्या वर्षी बँडच थांबला ह्यावर आम्ही दोघं थोडा वेळ गप्प झालो, मग गुडघ्यांवर आलो. त्यांचा डावा, माझा उजवा. पोरगं जॅकेट घालून दारात उभं होतं, डॅड, चला ना. डॅड म्हणाले दोन मिनिटं. मग आवाज बारीक करून मला म्हणाले, माझ्याकडे लॉफ्टमध्ये ऐंशीच्या दशकातले शिशाचे सैनिक पडलेत, न रंगवलेले, बॉक्सच्या बॉक्स, बायको म्हणते काढून टाक.

शनिवारी जायचंय त्यांच्याकडे. मी घरी सांगितलंय नुसतं बघायला जातोय, आणि आई म्हणाली मीपण येते, मोठी पिशवी घेऊ का?