पाणी भिंतीला टांगलंय

सकाळी सकाळी ग्रुपवर एकानं फोटो टाकला, खाली हार-फुलं आणि "दादांचं काम पुन्हा सुरू झालं, अभिनंदन!!" मी झूम करून बघितलं आणि चहा तसाच राहिला. दादा म्हणजे आमचा व्हिडिओ कलाकार, आणि काम म्हणजे त्याची कलाकृती, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बघितलीय. तीन जुने डबडे टीव्ही, वाळूत पाठीवर निजवलेले, काचा वर. आत नळाखाली धरलेले हात, घागरी, सांडणारं पाणी. 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्या उन्हाळ्यातलं शूटिंग. वरून वाकून बघायचं, हौदात डोकावतो तसं. काचेला फुगवटा, त्यात आपलंच तोंड दिसायचं, आणि बारीक गुंऽऽ आवाज चालू. आता फोटोत काय आहे? भिंतीवर 43 इंची एलईडी. चौकोनी चित्र ताणून लांबडं केलंय, बायांचे हात सुजल्यासारखे दिसायलेत, हात हलला की कडेला दातेरी रेषा. वाळू गायब. पाणी उभं करून भिंतीला टांगलंय लेकहो, आणि खाली पाटी: "व्हिडिओ, टीव्ही." बास. एवढंच.

हे ज्या संस्थेत मांडलंय तिचं नाव घेणार नाही. आपल्याच शहरातली आहे, ओळखणारे ओळखतील, आणि तिथली पोरं आपलीच आहेत, त्यांच्या पोटावर पाय नको. फोन केला तर साहेब म्हणले, सर ते टीव्ही बंदच पडले होते, जागा अडवायले होते, मागच्या आठवड्यात भंगारात काढले. पण व्हिडिओ आहे ना पेनड्राइव्हवर, काम तर तेच आहे.

काम तर तेच आहे म्हणे!

ते टीव्ही आणायला दादासोबत मी होतो. जालन्यात एक चाचा होते, पिक्चर ट्यूबवाले टीव्ही दुरुस्त करणारे, दुकान म्हणजे एक टेबल आणि छतापर्यंत खोकी. तीनपैकी एका टीव्हीत काळसर पट्टा खालून वर सरकत राहायचा, हळूहळू. चाचानं मागचं झाकण काढलं, बघितलं, म्हणले, "फिल्टर का कंडेन्सर गया इसका. बदल दूं, या ऐसाच होना तुमको?" दादा त्या पट्ट्याकडं बघतच बसला. पाण्यावरून काहीतरी सरकत जायलंय असं दिसत होतं. म्हणला, ऐसाच होना. तर चाचा म्हणले, ऐसाच सोडला तर हा बिघाड वाढत जाईल आणि एक दिवस टीव्हीच बसेल. मग त्यांनी खराब कंडेन्सर काढला आणि मुद्दाम कमी व्हॅल्यूचा नवा टाकला, म्हणजे पट्टा राहील आणि टीव्हीही मरणार नाही. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवून त्यावर बॉलपेननं लिहिलं, तारीख, कोणता पार्ट, आणि "पट्टे के वास्ते कम वाला लगाया, निकालना नहीं." प्रत्येक टीव्हीत लिहायचे ते असं. म्हणले मी नसलो तरी पुढच्या मेकॅनिकला कळायला नको का.

आता सांगा, म्युझियमचं काम दुसरं काय असतं? हा बिघाड आहे का कलाकाराला असंच पाहिजे, एवढा एक प्रश्न. सातवी पास माणसानं स्वतःहून विचारला.

बाहेर याच्यावर डोकी फोडून काम चालतं. दक्षिण कोरियात ग्वाचॉनच्या राष्ट्रीय संग्रहालयात नाम जून पाइक या व्हिडिओ कलाकाराचा मनोरा आहे, 1988 चा, 1003 टीव्हींचा. टीव्ही म्हातारे झाले, धोका नको म्हणून 2018 ला अख्खा बंद केला. एलईडी आणून ठोकले नाहीत तिथं. काही वर्षं एकेक टीव्ही तपासला, 737 दुरुस्त केले नाहीतर जुने शोधून बसवले, 266 जागी सपाट पडदे लावले, आणि 2022 ला पुन्हा पेटवला. हो हो, माहितीय, तिथंही सपाट पडदे लावलेच. पिक्चर ट्यूब आता कुणी बनवत नाही, कायम पुरणार नाहीत, हे मलाही कळतं. पण कुठं काय बदललं ते आकड्यानिशी सांगितलंय त्यांनी. आपल्याकडं पाटीवर दोन शब्द, त्यातला टीव्ही हा शब्दसुद्धा आता खोटा.

न्यूयॉर्कच्या गुगनहाइम म्युझियमनं तर कलाकाराला विचारायची प्रश्नावलीच केली. हे यंत्र मेलं तर काय करू? तसंच जपून ठेवू का, नव्या यंत्रावर जुन्याची हुबेहूब नक्कल चालवू का, नव्या तंत्रात हलवू का, का कामच नव्यानं मांडू? चार रस्ते, कोणता चालेल ते कलाकारानं जिवंतपणी सांगायचं. 2004 ला त्यांनी जुनं यंत्र आणि नवी नक्कल शेजारी शेजारी ठेवून प्रदर्शन भरवलं, लोकांनीच बघावं काय हरवतं आणि काय टिकतं. तुम्ही म्हणाल ते गुगनहाइम, आपण मराठवाडा. तर चाचाकडं कुठला फंड होता? पुठ्ठा होता आणि पेन होता. बजेट नाही, स्टाफ नाही, एसी नाही, उन्हाळ्यात 43 डिग्री, वरून लोडशेडिंग, सगळं खरंय. पण ए-फोरचा एक कागद? टीव्ही वाळूत पाठीवर, तीन, चित्र चौकोनी, ताणायचं नाही, आवाज एवढा, वाळू अमुक जाडीची, तिसऱ्यातला पट्टा मुद्दाम आहे. याला कोणतं टेंडर लागतं?

आणि कलाकार असेपर्यंतच विचारता येतं हो. अकबर पदमसींनी साठच्या दशकाच्या अखेरीला मुंबईत प्रायोगिक फिल्म केली होती, 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर'. प्रिंट एकच होती, ती हरवली. एवढा मोठा चित्रकार आणि फिल्म गायब. पुढं फिल्मवाल्या अशिम अहलुवालियानं पदमसींशी बोलून, त्यांच्या आठवणीवरून ती पुन्हा उभी करायचा प्रयत्न केला, 2016 ला ते लोकांसमोर आलं. पदमसी होते म्हणून विचारता आलं. 2020 च्या जानेवारीत ते गेले. आता कोण कुणाला विचारणार.

आमचा दादा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. त्याला कुणी विचारलंच नाही, मी पण कधी वही घेऊन बसलो नाही त्याच्यासमोर, वाटायचं आहेच की हा. त्याचं तिसऱ्या टीव्हीबद्दलचं म्हणणं जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, झाकणाच्या आत, दुसऱ्याच्या अक्षरात. ते भंगारात गेलं.

हे लिहिता लिहिता परत डोकं फिरायलंय. शंभर किलोमीटरवर अजिंठा आहे आपल्या! रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्यानं 1844 पासून लेण्यात बसून वर्षानुवर्षं चित्रांच्या नकला केल्या, 1866 ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स विद्यार्थी घेऊन आले, 1872 पासून पुन्हा सगळं, त्यातल्याही बऱ्याच 1885 ला लंडनातच जळाल्या. नंतर निजामानं इटलीहून माणसं बोलावली, त्यांनी रंग वाचवायला लाखेचं व्हार्निश मारलं आणि ते पुढं पिवळं पडलं. चूक झाली, चांगल्या मनानं झाली. पण कुणी, कधी, काय लावलं हे आज माहीत आहे, म्हणून ते उतरवायचं कसं याचा विचार तरी करता येतो. लेण्याजवळ राहून आपण एवढंही शिकू नये?

त्या पोरांवर माझा राग नाही. एक जण तिकीट फाडतो, तोच प्रोजेक्टर लावतो, तोच उद्घाटनाला सतरंज्या टाकतो, त्याला कुणी कधी सांगितलंय का की टीव्ही हे सुद्धा काम असू शकतं. त्यानं एलईडी लावला तो दादाच्या प्रेमापोटीच लावला असणार, बंद पडलेलं बघवलं नसेल त्याला. फोटोखाली अंगठे देणाऱ्यांचंही तेच. राग आहे तो "काम तर तेच आहे" म्हणणाऱ्या खुर्चीवर. पैठणी फाटली तर तिचा झेरॉक्स लावाल का दिवाणखान्यात?

दुपारी चाचांना फोन लावला. दुकान आता मोबाइल कव्हरचं झालंय, पोरगा बघतो. नाव सांगितलं तर ओळखेनात, मग म्हणलं वाळूत निजवायला तीन टीव्ही नेले होते बघा. "अरे वो, पट्टेवाला!" कंडेन्सरची व्हॅल्यू तोंडपाठ नाही म्हणले, पण टीव्ही समोर आणला तर सांगतो, डोळ्याला कमी दिसतं तरी हाताला कळतं. मी कॉल रेकॉर्ड करून ठेवलाय, चाचांना सांगूनच.

तर आता ऐका. भंगारवाला सापडलाय, एमआयडीसीकडं आहे. म्हणतो तुमचे दोन बहुतेक फुटले, एक मागं पडलाय, कोणता ते बघून सांगतो. ज्यांनी उद्घाटनाच्या दिवशी मोबाइलवर काहीही काढलं असेल, सेल्फी असो, मागं टीव्ही दिसत असो, पट्टा सरकताना दिसला तर सोन्याहून पिवळं, सगळं मला पाठवा. व्हॉट्सॅपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता व्हिडिओ पाठवला की दाबला जातो. दादाची मूळ मिनी डीव्ही टेप कुणाकडं असेल तर ती घरी चालवून बघू नका, तशीच ठेवा, मी येतो. आणि उद्या सकाळी दहाच्या आत कुणाचा छोटा हत्ती मोकळा असेल तर कमेंटमध्ये सांगा, डिझेल माझं.