ओबामा आले, पाहुणेही आले

नोव्हेंबर २००८ मध्ये बराक ओबामा निवडून आले आणि अभिनंदनाचे फोन मला यायला लागले. इथे रात्रीचे अकरा वाजून गेलेले, सांगलीत चांगली उन्हं वर आलेली. आत्या फोनवर ओरडली, "आला की रे तुमचा ओबामा!" मी म्हटलं, "आत्या, मला इथे मत नाही. मी नोकरीपुरत्या एच-१बी व्हिसावर आहे. कर भरणं एवढंच माझ्याकडे, निवडून द्यायचं खातं दुसऱ्यांकडे." "असू दे की, राहायला तर तुमच्या गावात येणार ना?" एवढं बोलून तिनं शेजारच्या काकूंना 'आमच्या भाच्याच्या गावातला' अशी ओबामांची ओळख करून दिली. मी फोनवरून ऐकत होतो.

आमचं गाव म्हणजे व्हर्जिनियातलं व्हिएन्ना. वॉशिंग्टनच्या मेट्रोची ऑरेंज लाइन तिथे संपते. व्हाइट हाउसशी आमचा संबंध एवढाच, की गाडीत बसायला जागा मिळाली तर झोपून तिथवर पोचता येतं. पण नातेवाइकांच्या मनात एकदा नकाशा पक्का झाला की तो बदलत नाही. डिसेंबरात आत्या स्वतः आली, ते ठरलेलंच होतं. मग न्यू जर्सीहून मेहुण्याचा फोन आला. "भावोजी, २० जानेवारीला शपथविधी आहे. आम्ही येतोय. तुमच्या ओळखीनं पास मिळतील का?" हे पास सिनेटर आणि प्रतिनिधी आपापल्या मतदारांना फुकट वाटतात. मी मतदारही नव्हतो आणि माझी ओळख आमच्या भारतीय किराणावाल्यापलीकडे गेलेली नव्हती. तरी "बघतो" म्हणालो. मेहुण्याला थेट नाही म्हटलं, की ते आधी माझ्या बायकोला कळतं.

त्या दिवसांत उत्साह दाखवणं सक्तीचं झालं होतं. रस्त्यावर ओबामांचे मग, ओबामांची कॅलेंडरं, टोप्या, चादरी. मेट्रोच्या तिकिटावरसुद्धा ओबामा. आमच्या व्हर्जिनियानं १९६४ नंतर पहिल्यांदाच डेमोक्रॅट उमेदवाराला कौल दिला होता, त्यामुळे शेजारीपाजारी लिफ्टमध्ये भेटले की "काय, खूश ना?" असं विचारत. आता खूश तर मी होतोच. बुशसाहेबांची आठ वर्षं आणि ते इराक बघितलेला माणूस खूश नसेल तर काय! पण सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाल्यापासून आमच्या ऑफिसात दर शुक्रवारी कुणाची ना कुणाची खुर्ची रिकामी होत होती. तेव्हा एच-१बीवाल्याची नोकरी गेली, की त्या दिवसापासून त्याचा मुक्कामच बेकायदा ठरायचा. घर, गाडी, पोरांची शाळा, सगळं एका ई-मेलवर लटकलेलं. नव्या राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाला आमच्यासारख्यांबद्दल फार प्रेम आहे, असंही कुठे वाचनात आलेलं नव्हतं. घरमालकाच्या पोराच्या लग्नात भाडेकरूनं जसं नाचावं, तसा मी नाचत होतो. आनंद खरा, पण वरातीनंतर भाडं वाढणार का, हा विचार काही डोक्यातून जाईना.

हे मी आत्यापाशी बोललो, तर तिनं मला उडवून लावलं. "खिशात मारुती ठेवतो म्हणे तो. पेपरात फोटो आला होता." ते मात्र खरं होतं. प्रचारात ते जे शुभशकुनाचे ऐवज खिशात बाळगत, त्यांत हनुमानाची एक बारीकशी मूर्ती होती. आता मारुतीपुढे व्हिसाचा प्रश्न काढणारा मी कोण?

शपथविधीच्या दिवशी पोटोमॅक नदीवरचे व्हर्जिनियाकडून येणारे पूल खासगी गाड्यांना बंद होते. मेट्रो पहाटे चारला सुरू होणार होती. आत्या तीनला उठून, आंघोळ करून, नऊवारीखाली माझी थर्मल पँट आणि वरून बायकोचा आणि माझा असे दोन कोट घालून तयार. मेहुणा आणि त्याची बायको आवरत होते. ते आवरणं मेहुण्याकडे पिढीजात आहे. स्टेशनवर पोचलो तर पार्किंगच्या रांगेचं टोक हायवेवर. डब्यात शिरल्यावर हात वर गेला तो वरच राहिला. मुंबईच्या लोकलमध्ये आयुष्य काढलेल्या माझ्या बायकोनं मात्र आत्याला दोन मिनिटांत बसायला जागा करून दिली, कशी ते विचारू नका. त्या दिवशी वॉशिंग्टनच्या मेट्रोनं अकरा लाखांवर प्रवासी-फेऱ्यांचा विक्रम केला. आपल्या मध्य रेल्वेला हा आकडा ऐकवला तर ती हसेल.

पास अर्थातच मिळाले नव्हते आणि त्याचा नंतर मला आनंदच झाला. कारण जांभळे पास हातात असलेले हजारो लोक थर्ड स्ट्रीटच्या बोगद्यात तासन्‌तास अडकले आणि त्यांतल्या अनेकांना शपथ दिसलीच नाही. आम्ही बिनपासवाले नॅशनल मॉलच्या हिरवळीवर, म्हणजे त्या दिवसापुरत्या गोठलेल्या मातीवर, मोठ्या पडद्यासमोर उभे होतो. तापमान उणे दोन. शपथविधी जिथे होता ते कॅपिटॉल, म्हणजे इथलं संसद भवन, समोर, पण एखाद्या पेढ्याएवढं. गर्दी अठरा लाखांची होती असं पुढे सांगितलं गेलं. मला ती सगळी माझ्या पायांवर उभी असल्यासारखी वाटली. मेहुण्याची बायको दर दहा मिनिटांनी स्वच्छतागृहाच्या रांगेचा अंदाज घेऊन परत येत होती.

आमच्या शेजारी घडीच्या खुर्चीवर एक वयस्कर कृष्णवर्णीय बाई बसल्या होत्या. डोक्यावर चर्चला जाताना घालतात तशी जांभळी हॅट, मांडीवर ब्लँकेट आणि ब्लँकेटवर नवऱ्याची फ्रेम केलेली तसबीर. पडद्यावर ओबामा दिसले की त्या ती तसबीर उचलून पडद्याकडे वळवत. नवऱ्याला दिसावं म्हणून. आत्याला इंग्रजी येत नाही आणि त्या बाईंना मराठी. आत्यानं पिशवीतून डबा काढला. संक्रांत होऊन आठवडाही झाला नव्हता. "तिळगूळ घ्या, गोड बोला." थंडीनं लाडू असा झाला होता की तो दाताखाली फुटल्याचा आवाज मला ऐकू आला. बाई हसल्या, मग रडायला लागल्या, आत्याही रडायला लागली. माझ्या डोक्यातलं व्हिसाचं पुराण तेवढ्यापुरतं गप्प बसलं. अशा बाईंच्या शेजारी उभं राहून आपल्या ग्रीन कार्डाच्या रांगेबद्दल कुरकुरायला निबर मन लागतं. माझं तेवढं निबर नाही.

पण गर्दीनं बुशसाहेबांची हुर्यो उडवली तेव्हा आत्याला ते रुचलं नाही. त्यांचे उपाध्यक्ष चेनीसाहेब तर चाकाच्या खुर्चीतून आले होते, सामानाची खोकी हलवताना पाठ धरली होती म्हणे. "घर सोडताना माणसाला असं हिणवू नये," आत्या म्हणाली, "आणि पाठ धरलेल्याला तर मुळीच नाही." तिची स्वतःची पाठ पहाटेपासून धरलेली होती.

बारा वाजून गेले. चेलोवाले यो-यो मा, व्हायोलिनवाले इत्झाक पर्लमन आणि आणखी दोघांनी सुरेख वाजवलं. नंतर पेपरात आलं, की थंडीनं वाद्यं सुरात राहणार नाहीत म्हणून आम्हाला ऐकवलं ते आधीच रेकॉर्ड केलेलं होतं. हे वाचून मला फार बरं वाटलं. एवढे मोठे कलावंत भर चौकात नुसते हात हलवत होते, तर मी अधूनमधून नुसता झेंडा हलवला त्यात काय बिघडलं? मग शपथ. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी शब्दांचा क्रम उलटा केला, ओबामा अडखळले, आणि अठरा लाख माणसांत फक्त आत्या म्हणाली, "भटजी चुकला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हाइट हाउसच्या मॅप रूममध्ये ती शपथ पुन्हा घेण्यात आली, या वेळी बायबलशिवाय. आत्याला त्यात काहीच नवल वाटलं नाही. आमच्या घरी सत्यनारायणाची पूजा एकदा अशीच दोनदा झालेली आहे.

पाहुणे गेले, आत्या परत गेली, सांगलीत तिनं पेढे वाटले. १७ फेब्रुवारीला ओबामांनी मंदीवरच्या त्या मोठ्या पॅकेजवर सही केली. त्यात एक कलम होतं. सरकारी मदत घेतलेल्या बँकांना नव्यानं एच-१बी माणूस घ्यायचा असेल, तर आधी अमेरिकन माणूस शोधल्याचं दाखवायचं आणि कामावरून काढलेल्याच्या जागेवर त्याला बसवायचं नाही. मेहुणा एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जायच्या बेतात होता. ऑफर लेटर हातात पडायचं तेवढं बाकी होतं. त्याच रात्री फोन आला.

"भावोजी, ते कलम वाचलंत?"

"वाचलं."

"माझ्या नव्या बँकेनं मदत घेतलीये."

"तुझ्या जुन्या बँकेनंसुद्धा."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मागे त्याची बायको कुणाला तरी शपथविधीचे फोटो दाखवत होती.

"आत्याला सांगू नका," तो म्हणाला, "तिनं माझ्या नव्या नोकरीचेही पेढे त्याच डब्यातून वाटलेत."