१९२ मतं आणि आमचे आबासाहेब

परवा एका ग्रुपवर वाद झाला, आमदाराचं करिअर यशस्वी कशावरून म्हणायचं. कोण म्हणे मंत्रिपद, कोण म्हणे निधी किती आणला, एकानं तर सरळ लिहिलं की वारं ओळखून वेळेत पक्ष बदलता आला पाहिजे. ते वाचून मला राहवलं नाही म्हणून हे लिहितोय, जरा लांबेल.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याकडचा. भाई गणपतराव देशमुख, आमचे आबासाहेब, १९६२ ला पहिल्यांदा आमदार झाले आणि शेवटची निवडणूक २०१४ ला जिंकले तेव्हा वय ८८. एकाच मतदारसंघातून ११ वेळा, आणि अकराही वेळा शेकापच, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. एसटीनं फिरणारा आमदार म्हणून पेपरवाल्यांनी त्यांना महाराष्ट्रभर पोचवलं आणि ते खरंच होतं, लाल गाडीत खिडकीच्या वर आमदार खासदार असं रंगवलेलं राखीव सीट असतं ना, ते आमच्या तालुक्यातल्या पोरांना नुसतं रंगवलेलं वाटायचं नाही. पण मला वाटतं साधेपणाचं कौतुक करता करता आपण त्यांचं खरं काम विसरतो.

खरं काम म्हणजे पाणी. माणदेशातला दुष्काळ ज्यानं बघितलाय त्यालाच कळेल, टँकरचा आवाज आला की हातातली भाकरी टाकून घागर घेऊन पळायचं, २०१३ ला तर माणसं जनावरांबरोबर चारा छावणीतच राहायला गेलेली. अशा भागाचा आमदार, त्यात बहुतेक काळ विरोधी बाकावर, मंत्रिपद मिळालं ते दोनदाच, १९७८ ला आणि १९९९ ला, तेही थोडे दिवस. मग हातात राहतं काय तर सभागृहात उभं राहून तोच प्रश्न परत विचारणं. टेंभूचं पाणी कुठवर आलं, म्हैसाळचं काय झालं, म्हणजे कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी भागात आणायच्या योजना. सभागृहाबाहेर स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर १३ दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद उभी केली, आटपाडीला वर्षानुवर्षं लोक जमायचे. एका पंचवार्षिकला होणारं काम नव्हतंच ते. जो दर निवडणुकीला पक्ष बदलतो त्याला वीस वर्षं एकच प्रश्न लावून धरता येईल का, तुम्हीच सांगा.

सूतगिरणीचंही तसंच, आमच्याकडं कापूस फारसा पिकत नाही तरी सहकारी गिरणी काढली, बायकांची वेगळी काढली, कारण हाताला काम पाहिजे होतं.

आणि हरले नाहीत असं नाही. १९७२ ला हरले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला शहाजीबापू पाटलांकडून हरले ते फक्त १९२ मतांनी. तेव्हा आबा सत्तरीला टेकलेले, शेकाप राज्यात आटत चाललेला, मोठ्या पक्षात जायला कुणी नावं ठेवली नसती. पण ते गेले नाहीत. मला त्यांच्या अकरा विजयांपेक्षा ही चार वर्षं मोठी वाटतात, आमदारकी नसताना तोच लाल बावटा आणि तेच पाण्याचं बोलणं.

२०१९ ला त्यांनी स्वतः उभं राहायचं नाही असं ठरवलं, नातू उभा राहिला तो ७६८ मतांनी पडला. ३० जुलै २०२१ ला आबा गेले.

९५ चा निकाल लागला ती रात्र मला आठवते. वडील अंगणात बसून वस्तीवरची मतं बोटावर मोजत होते, आमच्या आणि शेजारच्या वस्तीची मिळून १९२ च्या वर भरली. त्यातली किती जण मुंबईत पोटापाण्याला, मतदानाला आलीच नव्हती, माझे दोन चुलतेही त्यातलेच. ९९ ला ते दोघं रात्रीच्या एसटीत उभ्यानं आले, सकाळी लाईनीत पहिले लागले, मत टाकलं, आईच्या हातची भाकरी खाल्ली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत कामावर गेले.